एकनाथराव टायपिस्ट आणि हॉलमधला कॉम्प्युटर

एकनाथराव भालकीकरांनी हैदराबादच्या एका दिवाणी कोर्टात चौतीस वर्षं लोकांचं बोलणं टाइप केलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बोलणं कागदावर येऊ दिलं नाही. यात त्यांचा काही दोष नव्हता, कामाची रीतच तशी. साक्षीदार तेलुगूत नाहीतर उर्दूत बोलायचा, साहेब ते ऐकून घ्यायचे आणि त्यातलं कामाचं तेवढं इंग्रजीत सांगायचे. साहेब सांगतील ते एकनाथराव टाइप करायचे. एकदा एक म्हातारी साक्षीला उभी राहून वीस मिनिटं रडली. दिरानं अंगणात भिंत कशी घातली, त्या भिंतीपायी तिच्या जाईच्या वेलाला ऊन कसं मिळेना, दिवाळीला कुणी कुणाच्या दारात पाऊल कसं टाकलं नाही, सगळं तिनं सांगितलं. कागदावर आलं एवढंच: ‘भिंत प्रतिवादीने बांधली हे खरे आहे.’ लगेच पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एकनाथरावांची तर कोर्टातून रोज संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसमध्ये बसून घरी यायची. घरी विमलबाई होत्या. गौलीगुड्याच्या मराठी शाळेत त्यांनी पहिलीचा वर्ग सव्वीस वर्षं सांभाळलेला, त्यामुळे बोलणं हा त्यांचा धंदाही आणि शौकही. त्या भाजी आणायला गेल्या की अख्खा बाजार पदरात बांधून आणायच्या: कोण भेटलं, कुणाची सून माहेरी गेली, आंबाडीवाल्या अम्मानं आज कुणाला झाडलं. अर्धा तास ऐकून एकनाथराव म्हणायचे, "म्हणजे कोथिंबीर मिळाली नाही."

"तुम्ही माणसाचा रस पिळून टाकता आणि चोथा फाइलला लावता," असं विमलबाई म्हणायच्या, पण हसून म्हणायच्या. एकानं बोलावं आणि दुसऱ्यानं आटोपतं घ्यावं, यावर त्यांचा चाळीस वर्षांचा संसार छान चालला होता.

मग विमलबाईंचे कान गेले. एका दिवसात नाही, हळूहळू. आधी पक्षी गेले, मग फोन गेला, मग दोन खोल्यांपलीकडची हाक. डॉक्टर म्हणाले, कानाची नस कमजोर झाली आहे. महागाचं यंत्र आणलं. त्यातून ताटल्या आदळलेल्या स्वच्छ ऐकू यायच्या, कुकर तर डोक्यातच शिट्टी फुंकायचा, फक्त माणसं तेवढी कळायची नाहीत. विमलबाईंनी पाच-सहा महिने नेटानं ते लावलं आणि मग डबीत घालून कपाटात ठेवून दिलं.

बहिऱ्या माणसाचे खरे हाल कान करत नाहीत, घरचे लोक करतात. पाहुणे हसले, विमलबाईंनी विचारलं, "काय झालं?" की कुणीतरी हात हलवून सांगणार, "काही नाही, असंच." लग्नात, बारशात, लिफ्टमध्ये, सगळीकडे काही नाही. दहा माणसं पोट धरून हसतायत आणि काही नाही! एकनाथराव तर यात उस्तादच. एका संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेत सासू-सुनेचं चांगलं पंधरा मिनिटं वाजलं. विमलबाईंनी विचारलं, "काय म्हणाली ती?" एकनाथराव त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "नाही म्हणाली."

विमलबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या दिवसापासून टीव्हीपुढे आल्याच नाहीत. ऑस्ट्रेलियात असलेल्या मुलीचा, कविताचा, रविवारी व्हिडिओ कॉल आला की त्या पडद्यापुढे येऊन हात हलवायच्या, "बरी आहेस ना? जेवलीस?" म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता आंबाडी निवडायला आत निघून जायच्या.

एकनाथरावांना हे दिसत होतं आणि आत कुठंतरी टोचत होतं. तारनाक्याच्या त्या दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटमध्ये इतकी शांतता कधी नव्हती. ज्या बाईनं वर्गातली साठ पोरं नुसत्या गोष्टीवर गप्प बसवली, ती आपल्याच घरात पाहुण्यासारखी वावरतेय. असंच चाललं तर एक दिवस ती विचारायचंही सोडून देईल, आणि मग बोलायचंही. पण करायचं काय, ते सुचत नव्हतं.

सुचलं ते दिलसुखनगरला, भाच्याच्या घरी. भाच्याची बायको रेणू सोफ्यावर बसून ढसाढसा रडत होती. समोर कोरियन मालिका चालू. रेणूला कोरियन भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, ती नुसती खाली येणारी अक्षरं वाचून रडत होती. एकनाथराव उभ्या उभ्याच ते बघत राहिले. न ऐकता इतकं रडता येतं, तर हसताही येत असणार.

"मामा, तुमच्या कविताताईचा जुना कॉम्प्युटर आहे की पडलेला," रेणू नाक पुसत म्हणाली. "त्याला एक वायर लावून टीव्हीला जोडा. एक फुकटचा प्रोग्रॅम येतो, सिनेमे, गाणी, फोटो, सगळं टीव्हीवर मांडून दाखवतो. खालची अक्षरं पण. सांगते मी फोनवर, परेशान होऊ नका."

तो कॉम्प्युटर मागच्या खोलीत भरतकामाच्या कापडाखाली बारा वर्षं झोपला होता. एकनाथरावांनी तो पुसला, सिकंदराबादच्या बाजारातून नवी डिस्क, लांब वायर, बिनवायरचा कीबोर्ड आणि माऊस आणला, आणि ते धूड उचलून हॉलमध्ये टीव्हीखालच्या कपाटात बसवायला घेतलं. तिथं बिदरी नक्षीची फुलदाणी आणि चिनी मातीच्या बाहुल्या होत्या. त्यांना बेघर करावं लागलं.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," विमलबाई दारातून म्हणाल्या. "हे कशाला आणायलेत इथं? पाहुणे आले तर काय याच्या मांडीवर बसायचे?"

एकनाथराव वायरचा गुंता सोडवत राहिले. बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगण्याइतकी त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. दोन दिवस रेणूला फोन करकरून त्यांनी तो प्रोग्रॅम चढवला. टीव्हीवर चित्र आलं, आवाज मात्र येईना. वायर काढून घातली, बटणं दाबून दाबून बोटं दुखली, शेवटी डोकं धरून बसले. विमलबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय झालं?"

यावेळी एकनाथराव "काही नाही" म्हणाले नाहीत. कागदावर लिहून दिलं: ‘आवाज येत नाही.’

विमलबाईंनी ते वाचलं आणि एकदम फस्सकन हसल्या. "मग मला काय फरक पडतोय?" म्हणाल्या. एकनाथरावही हसले. चहा बशीत सांडला. किती महिन्यांनी त्या हॉलमध्ये दोघं एकदम हसत होती. आवाज नंतर रेणूनं एक सेटिंग बदलायला सांगून आणला.

आता प्रश्न अक्षरांचा होता. जुन्या मराठी सिनेमांना आणि नाटकांना ती कुठून मिळणार? रेणूनं सांगितलं की ही अक्षरं म्हणजे नुसती एक साधी फाइल असते: कुठल्या सेकंदाला सुरू, कुठल्या सेकंदाला बंद, आणि मधे वाक्य. हे ऐकल्यावर एकनाथरावांचे डोळे लकाकले. जगात प्रत्येक माणूस कुठल्यातरी कामाला जन्मतो म्हणतात, तर ते याच कामाला जन्मले होते. सिनेमा नंतर बघू, आधी घरचंच, असं ठरवून त्यांनी कविताच्या लग्नाची चित्रफीत काढली. दोन तास चाळीस मिनिटांची. इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं, ती युक्ती शिकून घेतली आणि रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कोर्टात बसल्यासारखे टाइप करायला बसले. बारा दिवसांत काम संपलं.

पहिल्यांदा लावलं तर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. फाइल चुकीच्या पद्धतीनं सेव्ह झाली होती. "सगळे प्रश्नच विचारायलेत, उत्तर कुणीच देईना," विमलबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त झालं, आणि विमलबाई दोन वर्षांनी सोफ्यावर बसल्या. पदर नीट करून, चष्मा पुसून.

मांडव दिसला. विमलबाईंची धाकटी बहीण कॅमेऱ्यापुढे आली, हातवारे करत करत बोलू लागली. खाली ठळक अक्षरांत आलं: ‘वधूच्या मावशीने आनंद व्यक्त केला.’

मग वराचे काका आले. ‘व्यवस्थेबद्दल समाधान असल्याचे सांगितले.’ मग जेवणाच्या पंगती आल्या, त्यात तरतरीत, अठरा वर्षांनी लहान विमलबाई वाढत होत्या, कुणाला तरी कमरेवर हात ठेवून काहीतरी सांगत होत्या, आणि सगळी पंगत हसत होती. खाली: ‘वधूच्या आईने पाहुण्यांना आग्रह केला.’

"थांबवा," विमलबाई म्हणाल्या.

एकनाथरावांनी थांबवलं.

"माझी बहीण दोन मिनिटं बोलली. मला तोंड दिसतंय तिचं. आणि तुम्ही एक ओळ लिहिलीत?" त्यांचा आवाज चढला. स्वतःचा आवाज किती चढतो ते त्यांना कळत नसे. "ही पंगत कशाला हसायली? मी काय म्हणाले? आग्रह केला म्हणे! मी असं बोलते का कधी?"

एकनाथरावांनी कागद घेतला. लिहिलं: ‘महत्त्वाचं तेवढं घेतलं.’

"महत्त्वाचं कोण ठरवणार? कोर्टात साहेब होते. इथं कोण आहे साहेब?" विमलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, मला बातमी नकोय. बातमी मला सगळेच देतात. ठीक आहे, येणार आहे, नाही म्हणाली. मला बोलणं पाहिजे. फालतू बोलणं. ते माझ्याजवळ कुणी राहूच दिलं नाही."

चौतीस वर्षांत कुठल्या साहेबानं एकनाथरावांच्या टायपिंगवर एवढा ठपका ठेवला नव्हता, आणि हा ठपका खरा होता. तीन वर्षं ही बाई आपल्याला भाकरी मागत होती आणि आपण तिला भाकरीची पावती देत होतो. ते उठले, तो पंगतीचा तुकडा त्यांनी कानाला हेडफोन लावून सात वेळा ऐकला आणि तिथल्या तिथं टाइप केला. मग पुन्हा लावला.

‘दामूमामा, नक्को नक्को काय करायलेत? मागच्या लग्नात नक्को म्हणत अकरा जिलब्या खाल्ल्या, मी मोजल्यात! वाढा रे यांना. आणि मामींना सांगू नका, त्यांना मी वेगळंच सांगितलंय.’

विमलबाईंनी वाचलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तो तसाच डोळ्यांकडे गेला. "मी एवढं बोलायचे?" त्या हळूच म्हणाल्या.

एकनाथरावांनी जोरात मान डोलावली. हौ, एवढं.

मग त्यांनी ते अख्खं लग्न पहिल्यापासून पुन्हा टाइप केलं. एकही शब्द गाळला नाही. ‘अगं’, ‘अय्यो’, ‘माझी चप्पल कुणी नेली’, मागून कुणीतरी तिसऱ्यालाच दिलेली शिवी, सगळं. महिना लागला. त्या महिन्यात त्यांचा हात असा सुटला की बोलणाऱ्याबरोबर बोटं धावू लागली. तेव्हा त्यांच्या मनात आलं, लग्न तर होऊन गेलेलं आहे. जे आज चालू आहे, ते का नको?

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी एकनाथरावांनी विमलबाईंना सांगितली नव्हती. कविता गेले चार महिने त्यांच्या मोबाइलवर वेगळा फोन करत होती. शहराबाहेर म्हाताऱ्या जोडप्यांसाठी नवी घरं झाली होती, नर्स, जेवण, सगळं तिथंच. आईला दाराची बेल ऐकू येत नाही, कुकर ऐकू येत नाही, उद्या काही झालं तर? फ्लॅट विकून तिकडं जा, असं तिचं म्हणणं. एकनाथराव दरवेळी "बघू" म्हणत. मोबाइल कानाला लावलेला पाहून विमलबाईंनी विचारलं, कुणाचा फोन, की म्हणत, "कविताचा. बरी आहे."

पुढच्या रविवारी सकाळी अकराला त्यांनी टीव्हीवर छोटा कॅमेरा बसवला आणि पडद्याचे दोन भाग केले. एकीकडे कविताचा कॉल, दुसरीकडे कोरं पान, मोठ्या अक्षरांचं. मांडीवर कीबोर्ड घेतला. विमलबाईंना शेजारी बसवलं. कविताला काही सांगितलं नव्हतं, म्हटलं, एकदम खूश होईल.

कविता दिसली. मागे तिची बारा वर्षांची सायली काहीतरी खात होती. विमलबाईंनी हात हलवला, "जेवलीस?" आणि कवितानं मान हलवून लगेच वडिलांकडे मोर्चा वळवला.

"बाबा, बरं झालं भेटलात. आई असू दे, तिला कुठं ऐकू येतंय. त्या घरांचं काय ठरवलंत? त्यांना पुढच्या महिन्यात उत्तर पाहिजे."

एकनाथरावांची बोटं जागच्या जागी थांबली. विमलबाईंनी मुलीचे हलणारे ओठ बघितले, मग शेजारचं कोरं पान बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "काय म्हणाली?"

साहेबांनी ‘ते नको’ म्हणावं, अशी सवय होती. इथं ‘ते नको’ म्हणणारं त्यांच्या आतच कुणीतरी बसलं होतं. कविता बरी आहे, एवढं लिहिलं असतं तर विमलबाई आत जाऊन आंबाडी निवडत बसल्या असत्या आणि घर होतं तसं चाललं असतं. एकनाथरावांनी सगळं टाइप केलं. ‘आई असू दे, तिला कुठं ऐकू येतंय,’ तेही केलं. कविता बोलत होती तसं पुढचंही उमटत गेलं. ‘प्रॅक्टिकली बघा बाबा. आईला आता काही कळत नाही. तुमच्यावर सगळा लोड येतो. तिला आधी सांगायचं नाही, घेऊन जायचं फक्त. नंतर होईल सवय.’

विमलबाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेल्या. एकनाथरावांना वाटलं, उठून जाईल. पण त्या पुढं सरकून बसल्या.

"कविता," त्या म्हणाल्या, "मला बेल ऐकू येत नाही, हे खरंय. बेलला दिवा लावून घ्या, असं मी तुझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. कुकरच्या शिट्ट्या मी मोजतच नाही, घड्याळ बघते. एकदाही भात लागला नाही माझा. घर सोडायचं तर मी विचार करीन, तू मला आई म्हणून विचारलंस तर. पण मला बोचकं बांधून न्यायचं नाही."

पलीकडं कविताचं तोंड उघडंच राहिलं. "आई, तुला... बाबा, तिला कसं..."

‘आई, तुला... बाबा, तिला कसं...’ पडद्यावर उमटलं.

सायली स्क्रीनच्या जवळ आली. आजीची नजर कुठं जातेय, आजोबांचे खांदे कसे हलतायत, तिनं बघितलं. "मम्मा, आजी वाचतेय! आजोबा टाइप करतायत, लाइव्ह!"

कविता रडायला लागली. सॉरी आई, सॉरी, असं म्हणत राहिली, आणि एकनाथरावांनी सॉरी जितक्या वेळा आलं तितक्या वेळा लिहिलं. विमलबाई म्हणाल्या, "पुरे आता. नाक पूस." मग सायलीला म्हणाल्या, "तू बोल गं. काय खायलीस?" सायलीनं शाळेतल्या एका मुलाची, त्याच्या सशाची आणि सशानं कुरतडलेल्या प्रोजेक्टची अशी लांबलचक गोष्ट सांगितली की एकनाथरावांच्या कपाळावर घाम आला. विमलबाईंनी मध्येच विचारलं, "मग बाई काय म्हणाल्या?" आणि ससा आणखी दहा मिनिटं चालला.

शेवटी कवितानं डोळे पुसून विचारलं, "बाबा, हे रोज करता? तुम्ही थकत नाही?"

एकनाथराव तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाले. दोन-तीन वाक्यं. बोटं त्यावेळी कीबोर्डवर नुसतीच होती. सगळ्यांचं बोलणं घ्यायचं असतं, टायपिस्टचं स्वतःचं कुठं घ्यायचं असतं?

"तुमचे ओठ हलले," विमलबाई म्हणाल्या. "पडद्यावर काही आलं नाही."

एकनाथरावांनी हात हलवला. विमलबाई हलल्या नाहीत. कोऱ्या ओळीकडे बघत बसल्या.

एकनाथरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं बोलणं, सावकाश, एकेक अक्षर शोधल्यासारखं टाइप केलं:

‘मी म्हणालो, याचा थकवा नाही येत. तीन वर्षं घरात बोलायला कुणी नव्हतं, त्याचा आला होता. तिला ऐकू येत नाही म्हणून मी गप्प बसलो, आणि नंतर कळलं, मला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलताच येत नाही.’

विमलबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी पडद्यावरच्या मुलीकडे मान वळवली.

"कविता, तू आता फोन ठेव," त्या म्हणाल्या. "आम्हाला बोलायचंय."